कामूनचं बटण

लालमहंमद उस्तादांच्या डोक्यात जे भरलंय ते बाहेर काढायचं आणि कॉम्प्युटरमध्ये घालायचं, एवढंच काम शीलाला होतं. तिला वाटलं, पंधरा दिवसांत होईल. उस्तादांना वाटलं, दोन दिवसांत, कारण आपल्या डोक्यात फार काही आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. प्रत्यक्षात सात महिने लागले.

लातूरला औसा रोडवर उस्तादांचं लोखंडी फर्निचरचं शेड होतं. आधी ते लग्नातली कपाटं करायचे. मग लातूरच्या पोरांनी बारावीला मार्कांचे असे काही ढीग लावले, की चारी बाजूंच्या जिल्ह्यांतले आईबाप आपापली पोरं घेऊन गावात उतरू लागले. ज्याच्याकडे दोन खोल्या जास्त होत्या त्यानं हॉस्टेल काढलं. ज्याच्याकडे नव्हत्या त्यानं गच्चीवर बांधल्या. भूकंपाला चार वर्षं झाली होती. त्या पहाटेनंतर महिना-महिना अंगणात झोपलेलं गाव आता मजल्यावर मजले चढवत होतं. माणूस सगळं विसरतो, असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं, पण त्याचा उलगडा पुढे होईल.

हॉस्टेलच्या खोलीला एक संच लागायचा. दुमजली पलंग, अभ्यासाची टेबलं, पुस्तकांचा रॅक आणि सहा फुटी कपाट. ऐकायला सोपं वाटतं, पण एक खोली दुसरीसारखी असेल तर शपथ. दार कुठल्या भिंतीत, ते आत उघडतं की बाहेर, पंखा किती उंच, बटणांचा बोर्ड कुठे, पोरं किती, पोरं की पोरी, एक ना दोन. अँगल आणि पत्रा शेडमध्येच कापून, भोकं पाडून जायचा. खोलीत नुसते बोल्ट आवळायचे. माप चुकलं की संच परत. उस्ताद खोलीच्या दारात उभे राहायचे, इकडून तिकडे एकदा बघायचे आणि कागदावर मापं लिहून द्यायचे. त्यांचा एकही संच आजवर परत आला नव्हता.

गोम इथेच होती. हे काम उस्तादांशिवाय कुणाला जमत नव्हतं, आणि त्यांच्या बायकोला, रहमतबीला, हजला जायचं होतं.

हजचे दिवस त्या वर्षांत नेमके मार्च-एप्रिलला यायचे आणि जूनच्या आत खोल्या भरायच्या म्हणून हॉस्टेलवालेही त्याच दिवसांत दारात रांग लावायचे. दोन वर्षं उस्तादांनी फॉर्म भरला आणि स्वतःच बनवलेल्या कपाटात ठेवून दिला. मापं कोण देणार, हा त्यांचा सवाल. एकुलता एक मुलगा मुज्तबा हदगावला शाळेत उर्दू शिकवायचा. त्याला अँगल आणि पट्टीतला फरक विचारला की तो शेर ऐकवायचा. तिसऱ्या वर्षी रहमतबीनं फॉर्म स्वतःच्या हातानं पोस्टात टाकला आणि जेवताना नवऱ्याला सांगितलं, की गुडघे चालतात तोवर जाऊन येऊ, पुढच्या वर्षीचं गुडघ्यांनी कबूल केलेलं नाही. उस्तादांनी भाकरी मोडली आणि खाली बघून जेवले.

शीला निलंग्याकडची. नांदेडच्या पॉलिटेक्निकमधून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून ती शेडमध्ये कोटेशनं टाइप करायला लागली होती. रहमतबी डबा घेऊन यायची, ती निम्मा डबा शीलाला खाऊ घालायची आणि निम्मं गाऱ्हाणं ऐकवायची. अशाच एका दुपारी शीला बोलून गेली, की चाची, यावर कॉलेजात आम्हाला एक शिकवलंय. जाणत्या माणसाचे नियम एकेक करून मशीनला सांगायचे. जर असं असेल तर तसं कर. मग मशीनच गिऱ्हाइकाला प्रश्न विचारतं आणि नियमाला नियम जोडत शेवटाला येतं. मोठमोठ्या कंपन्या यंत्रांची जुळणी अशीच ठरवतात म्हणे. रहमतबीनं डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, मग कधी सुरू करतेस?

सुरुवात झाली आणि शीलाच्या तोंडचं पाणी पळालं. पलंग या भिंतीला का, असं विचारलं की उस्ताद म्हणायचे, बघितलं की कळतंय. टेबल तिकडे का? बघितलं की कळतंय. आठ दिवसांत वहीत हे एकच वाक्य सतरा वेळा लिहून झालं. मग शीलानं युक्ती केली. विचारणंच सोडलं. शेडच्या फरशीवर खडूनं खोली आखायची आणि पलंग मुद्दाम चुकीच्या जागी काढायचा. उस्ताद लांबून बघायचे, अस्वस्थ व्हायचे, शेवटी हातातला पाना टाकून यायचे. पोराचं डोकं पंख्यात घालतेस काय, म्हणून खडू हिसकावायचे. झाला एक नियम. बोर्ड कपाटामागं गेला, दिवा कोण लावणार? झाला दुसरा. मालकानं खोलीत दोन पोरं सांगितली तर तीन धरायची, कारण आखाड संपेपर्यंत तिसरं येतंच, हा नियम तर हॉस्टेलवाल्यांसमोर बोलायची सोय नव्हती. असे एकशे बारा नियम झाले.

शेडमधल्या लोकांनी त्या प्रोग्रामचं नाव जरतर ठेवलं. त्यात त्यांना सगळ्यात आवडली ती एक सोय. मशीननं काहीही सांगितलं आणि ठरलेलं एक बटण दाबलं, की मशीन त्याचं कारण दाखवायचं, तेही उस्तादांच्याच शब्दांत. शीला त्याला 'का'चं बटण म्हणायची. पण आमच्याकडं 'का' कोण म्हणतंय? वेल्डर भुजंग, उस्तादांच्या हाताखाली बारा वर्षं काढलेला, त्याला कामूनचं बटण म्हणाला आणि तेच नाव पडलं. ज्या ठिकाणी कारण भरलेलं नसेल तिथे पडद्यावर यायचं, 'कारण उस्तादांनी सांगितलेले नाही.' हे वाक्य दिसलं की सगळं शेड उस्तादांकडे बघून हसायचं, आणि उस्ताद वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढून घ्यायचे.

हिवाळ्यात हजच्या सोडतीत रहमतबीचं आणि उस्तादांचं नाव लागलं. जानेवारीपासून शीलानं लातूरमधल्या एकसष्ट खोल्या जरतरवर काढल्या. कागद छापून भुजंगकडे जायचा, भुजंग संच करायचा आणि बसवून यायचा. एकही परत आला नाही. उस्तादांनी त्यातल्या बऱ्याच खोल्या जाऊन पाहिल्या, दारात उभे राहून इकडून तिकडे नजर टाकली आणि परत येऊन काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे पसंती, हे आता शीलाला कळत होतं.

शेवटची परीक्षा नांदेडची. तिथे फिजिक्स शिकवणाऱ्या शिवप्पा सरांनी चोवीस खोल्यांचं हॉस्टेल बांधलं होतं. खोल्यांची मापं पत्रानं आली, बसवायला त्यांचेच फिटर होते. उस्तादांनी ठरवलं की या कामाकडे आपण बघायचंच नाही, मेल्यासारखं राहायचं. रहमतबी म्हणाली, हाजी झाल्यासारखं राहा. जरतरनं कागद काढले, लोखंड ट्रकनं गेलं आणि शिवप्पा सरांचा फोन आला, की सगळं भोकाला भोक जुळलं. शीला त्या दिवशी शेडमध्ये पेढे घेऊन आली.

मुंबईची गाडी नांदेडहून होती आणि रहमतबीचं माहेरही नांदेडचंच. म्हणून मंडळी निघायच्या दिवशी सकाळीच तिथे पोचली. निरोप द्यायला हदगावहून मुज्तबा आला होता, शीलाही होती. गाडी संध्याकाळची. माहेरघरी हार, मिठाई, मिठ्या आणि रडणं असा सगळा सोहळा चालू होता. उस्ताद त्यातून हळूच निसटले आणि शीलाला म्हणाले, चल, सरांचं हॉस्टेल बघून येऊ.

शिवप्पा सर मोठ्या हौसेनं खोल्या दाखवायला लागले. पहिल्या सहा खोल्या उस्तादांनी दारातून पाहिल्या आणि मान डोलावली. सातव्या खोलीच्या दारात ते थांबले. आत गेले नाहीत, मानही डोलावली नाही. दाराला लागून, आत शिरताच डाव्या हाताला, सहा फुटी लोखंडी कपाट उभं होतं. उस्ताद उंबऱ्यावरच खाली बसले.

"हे कपाट इथं कुणी ठिवलं?"

शीलानं हातातला कागद पाहिला. कपाट दाराजवळच्या कोपऱ्यात, असं त्यावर स्पष्ट छापलं होतं. सतरावा नियम, जागा वाचते. "जरतरनं," ती म्हणाली.

"मी सांगितलं न्हवतं? दारापाशी न्हाई म्हणून?"

"नाही चाचा."

उस्तादांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हे सांगायचं असतंय का गं?"

आणि ते खरंच सांगायचं नसतं. लातूरकडच्या कुठल्याही घरात जा. त्या पहाटेपासून दाराच्या वाटेवर कुणी उंच, जड काही ठेवत नाही. ना धान्याची कोठी, ना देव्हारा, ना फ्रीज. कुणी कुणाला शिकवलं नाही, कुणी कुठे लिहिलं नाही. शीला स्वतः पॉलिटेक्निकला असताना याच नांदेडात भाड्याच्या खोलीत राहिली होती आणि पहिल्याच संध्याकाळी घरमालकिणीचं कपाट एकटीनं दारापासून ओढत पलीकडे नेलं होतं. मालकीण हसली होती. नांदेडला त्या पहाटे भांडी वाजली, लोक बाहेर आले, चहा पिऊन परत आत गेले. शीलाचं घर तर समूळ बसलं होतं. दार मोकळं होतं म्हणून माणसं वाचली, बैल गेले. एवढं असून एकशे बारा नियम लिहिताना हा एक तिला आठवला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. तिला स्वतःची लाज वाटली.

मग लातूरच्या एकसष्ट खोल्यांचं काय? ती तशीच धावत कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली आणि शेडमध्ये फोन लावला. भुजंगनं शांतपणे सांगितलं, की हाव, कधी कधी कागदावर कपाट दारापाशी यायचं, आम्ही ते हलवायचो आणि रॅकची दोन भोकं तिथंच पाडायचो. शीलानं विचारलं, मग मला सांगितलं का नाही? त्यात काय सांगायचं, भुजंग म्हणाला, छापताना चुकलं असंल असं वाटलं. तुम्ही बी आमच्याकडच्याच की. म्हणजे दोन महिने जरतर चुकत होतं, भुजंगचे हात ते गुपचूप निस्तरत होते, आणि शीला पेढे वाटत होती.

ती परत आली तेव्हा उस्ताद रहमतबीच्या माहेरी पोचले होते आणि त्यांनी जाहीर केलं होतं, की मी जात न्हाई. रहमतबीचे हात मेंदीनं रंगलेले, बॅगा दाराशी लावलेल्या. मुज्तबानं समजावलं, मेव्हण्यांनी समजावलं. उस्तादांचं एकच म्हणणं. एक गोष्ट सांगायची राहिली तर अजून काय काय राहिलं असंल कुणाला ठाऊक? पोरं झोपणार आहेत त्या खोल्यांत. लोकांची पोरं.

रहमतबी रागावली नाही. ती शीलाला म्हणाली, बस बेटा, आणि नवऱ्यासमोर मांडी घालून बसली. मग तिनं तेच विचारलं जे शेडमध्ये सगळे मशीनला विचारायचे.

"कामून न्हाई सांगितलं? बाकीचे इसरले, त्यांना ते अंगवळणी पडलंय. तुम्ही इसरणारे न्हाईत."

उस्तादांनी आधी डोक्यावरची टोपी काढली, परत घातली. मग सांगितलं, आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी ते गॅसकटर घेऊन किल्लारीकडच्या खेड्यांत गेले होते, लोखंड कापून वाट करायला. एका घरात दारावर आडवं पडलेलं कपाट कापायला घेतलं तर आत बारीक चंद्राचा शिक्का दिसला. त्यांचाच. त्याच्या आठ वर्षं आधी महादेवी नावाची मुलगी लग्न होऊन त्या घरात आली, तेव्हा त्यांनीच ते पोचवलं होतं. जड होतं, उतरवणारे दमले होते, म्हणून दारापाशीच ठेवा असं त्यांनीच सांगितलं होतं. कपाटाखाली महादेवी होती. जिवंत. वरून माती-दगड आले ते कपाटानं अडवले, पण वाटही अडवली. दीड दिवस तिला दाराचा उजेड दिसत होता आणि जाता येत नव्हतं. पलीकडच्या खोलीत सासू होती, तिची हाक पहिल्या दुपारी बंद झाली. बाहेर काढल्यावर महादेवी पाणी प्यायली, तिनं उस्तादांना ओळखलं आणि ती म्हणाली, "कपाट लई चांगलं केलंस भाऊ, दबलं न्हाई. पण दारापाशी कामून ठिवलंस?"

"त्याचं उत्तर माझ्यापाशी न्हवतं," उस्ताद म्हणाले. "आजबी न्हाई."

शीलाला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. रहमतबीनं नवऱ्याच्या गुडघ्यावर मेंदीचा हात ठेवला.

शीलाच्या पिशवीत जरतरची फ्लॉपी होती. दुपारचा एक वाजला होता. ती आणि उस्ताद रिक्षानं पॉलिटेक्निकला गेले. कॉम्प्युटरच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा तिला ओळखत होते. त्यांनी जेवणाची सुट्टी मोडून कुलूप उघडलं. शीलानं एकशे तेरावा नियम लिहिला. जर वस्तू तीन फुटांहून उंच असेल, तर ती दाराच्या वाटेवर नाही, ती पडली तरी तिचं टोक दारापर्यंत पोचता कामा नये. कारणाच्या जागी तिनं उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं तसं तिनं लिहिलं. मग चोवीस खोल्या नव्यानं काढल्या. नऊ खोल्यांत कपाट हललं. शिवप्पा सरांनी कागद वाचले, नियमाचं कारण वाचलं आणि फिटरांना बोलावून तेव्हाच काम सुरू केलं.

तरी उस्तादांचा पाय निघेना. हा नियम सापडला, न सापडलेल्यांचं काय? शीलानं उस्तादांना बूथवर नेलं, लातूरला फोन लावला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. भुजंगला काय झालंय ते सांगून झालं, तेव्हा पलीकडून तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही जावा. कागद चुकला तरी हात चुकत न्हाईत. बारा वर्षं शिकवलंय न्हवं तुम्ही, का मशीनलाच शिकवलं?"

उस्तादांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. बाहेर फोनसाठी थांबलेला एक माणूस घड्याळ दाखवून खाणाखुणा करत होता. शेवटी ते फोनमध्ये म्हणाले, की हलवलं तर सांगत जा, मुकाट्यानं हलवू नको. मग शीलाकडे वळून म्हणाले, की हा बी एक नियम लिही.

तो एकशे चौदावा. जरतरच्या प्रत्येक कागदाखाली तेव्हापासून तीन रिकाम्या ओळी छापल्या जाऊ लागल्या, आणि वर लिहिलेलं असे, 'बसवणाऱ्याला पटलं नाही तर काय बदललं आणि कामून, ते इथे लिहावे.' कागद भरून परत आल्याशिवाय शीला पुढचा कागद काढायची नाही.

गाडी सुटताना रहमतबी खिडकीशी बसली होती, गळ्यात इतके हार की हनुवटी दिसेना. ती रडत होती, हसत होती आणि मुज्तबाला पाण्याची बाटली बदलायला सांगत होती. उस्तादांनी खिडकीतून शीलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोल्ट दोनदा आवळून बघायला सांगितलं.

बेचाळीस दिवसांनी दोघं परतली. उस्तादांची दाढी वाढली होती आणि वजन उतरलं होतं. रहमतबीचे गुडघे मात्र, तिच्या म्हणण्याप्रमाणे, होते त्याहून बरे झाले होते. शेडमध्ये खजूर आणि झमझमचं पाणी वाटलं गेलं. खजुराचं एक पाकीट उस्तादांनी बाजूला काढून ठेवलं. ते महादेवीचं होतं, आणि ते स्वतः जाऊन देणार होते.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. फिटरांनी रिकाम्या ओळींवर लिहून दिलेलं वाचून शीलानं सात नवे नियम घातले होते. उस्तादांनी प्रत्येकावर कामूनचं बटण दाबलं. पाच नियमांना त्यांनी मान डोलावली. सहावा होता, पहिल्यांदाच घर सोडून आलेलं पोरगं असेल तर त्याला खालचा पलंग, खिडकीकडचा. कारण भुजंगनं लिहिलं होतं, वर चढून रडलं तर कुणाला दिसत नाही. उस्तादांनी हा नियम दोनदा वाचला आणि भुजंगला म्हणाले, हे मला सुचलं न्हवतं. सातवा होता, मालक म्हणाला की उस्ताद आल्याशिवाय काम नको, तर त्याला चहा पाजावा. कारण, चहा संपेपर्यंत ऐकतो. यावर उस्तादांनी भुवया चढवल्या आणि भुजंगला अचानक गॅसची टाकी बघायची आठवण झाली.

डबा घेऊन आलेली रहमतबी हे सगळं मागं उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, किती खोल्या झाल्या? शीला म्हणाली, तुम्ही गेल्यापासून सत्तर. परत किती आल्या? एकही नाही. रहमतबीनं डबा टेबलावर ठेवला.

"मग पुढल्या साली अजमेरला जाऊ."

"न्हाई जमायचं," उस्ताद सवयीनं म्हणून गेले.

रहमतबी शीलाकडे वळली, ते बटण कुठलं गं म्हणून विचारलं आणि शीलानं 'अजमेर नाही' असा नवा नियम टाकून ते दाखवल्यावर एका बोटानं, जपून, दाबलं. मशीननं जरा वेळ घेतला. मग पडद्यावर अक्षरं आली, 'कारण उस्तादांनी सांगितलेले नाही.'

उस्तादांनी पडद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि या वेळी डोळ्यांवर ओढायला चष्मा हाताशी नव्हता. त्यांनी दाराकडे तोंड करून भुजंगला हाक मारली आणि अजमेरला गाडी कुठून मिळते ते विचारून यायला सांगितलं.